पाद्रीबाबांचं हिरवं पाणी

प्रशांत महासागरातल्या टोंगाच्या एका बेटावर रविवार देवाचा, म्हणून त्या दिवशी कुणी कामाला हात लावत नाही. तरी सगळं गाव इंजिनघरासमोर घामाघूम उभं होतं. दिवे आणि बर्फाची पेटी चालवणाऱ्या डिझेल इंजिनाचा काटा लाल रेघेला टेकला होता, गेल्या तीन रविवारांसारखाच.

"पाप तापलंय, लेकरांनो, पाप!" माफिलेओ गरजला. कुठल्याच चर्चचा नसलेला हा पाद्री महिन्याभरात गावातली निम्मी डुकरं जिरवून बसला होता. त्याने बाजूच्या टाकीत हिरवं पाणी ओतलं, तिथल्या रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई सावरत इंजिनाला मिठी मारली आणि भोकाड पसरलं. काटा उतरू लागला. गाव गाऊ लागलं.

लुसेआने नावाची बाई मात्र काट्याकडे बघत होती. एरवी इंजिन तीच चालवायची. खांद्यावर तिची चार वर्षांची लेक ओफा तापाने फणफणत होती आणि सासूच्या हातात त्याच हिरव्या पाण्याचा कप होता.

"इंजिन गार होतं, मग पोर नाही होणार? आण इकडे," सासू म्हणाली.

लुसेआनेने कप हिसकावून हुंगला. गोडसर. हा रंग, हा वास तिच्या हातांना ठाऊक होता: विषाची खूण म्हणून कवटीचं चित्र असलेल्या ड्रममधलं, इंजिन थंड ठेवायचं कूलंट. ड्रममधली पातळी महिनाभर उतरतच होती.

शेजारी कालो उभी होती. तिचं बाळ आठवड्यापूर्वीच पुरलं होतं.

"कालो, धर हिला."

लुसेआने आत शिरली.

"अगं ए, रविवार आहे!" सासू किंचाळली.

लुसेआनेने इंजिनात पाणी फिरवणाऱ्या नळीवरची चावी बंद केली. काटा चढला. उघडली. काटा उतरला. ना पाणी ओतलं, ना रडणं झालं.

"पाणी उष्णता गिळत नाही. इंजिनातून उचलतं, रेडिएटरपाशी नेतं, पंखा ती हवेत सोडतो, पाणी परत फिरतं. हे बाबा प्रार्थनेला म्हणून थोडं आधी येऊन चावी बंद करतात आणि रडताना चटईआडून उघडतात. रविवारी आपण कुणी आत फिरकत नाही, हे त्यांना पक्कं माहीत." तिने कप पुढे केला. "घ्या बाबा, एक घोट."

"माझा... उपास आहे."

"मग सकाळचं डुक्कर भुताने खाल्लं?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"तीन चमचे पाजले होते मी बाळाला," कालो म्हणाली. हसू विरलं. "हा म्हणाला, माझीच श्रद्धा कमी पडली. लुसेआने, हेच होतं का गं ते?"

"हेच."

कालोने ओफाला छातीशी आवळलं, मग हळूच परत दिलं.

लुसेआनेने रविवार दुसऱ्यांदा मोडला. पोरीला दवाखान्याच्या बेटावर न्यायला होडीचं यंत्र सुरू केलं. होडी पाण्यात ढकलली ती सासूने.

ओफा वाचली. पण लेकराच्या ओठाला काही लावण्याआधी एवढं विचारत जा: हे आहे काय, आणि देणारा स्वतः पिईल का? कालोच्या बाळाच्या वेळी हे कुणीच विचारलं नाही. गाव गात होतं.