गणूसाठी राखलेली जागा

मी हेल्मेट बोलतोय. लगेच स्कूटर डोळ्यांपुढे आणू नका. मला ना काच, ना झगमगीत पट्टे. एखाद्या मोठ्या शहाळ्याएवढा माझा आकार, अंग पांढऱ्या प्लॅस्टिकचं, आत मऊ स्पंजाचं अस्तर आणि हनुवटीखाली एक पट्टा. उभ्या आयुष्यात मी एकाच डोक्यावर बसलो आणि ते डोकं एका तान्ह्या बाळाचं होतं.

माझा जन्म ठाण्याला नौपाड्यात झाला, १९९४ साली, होळीच्या सुमारास. तिथे विश्रामकाकांचा छोटा कारखाना होता. पोलिओ झालेल्या मुलांच्या पायांना बांधायचे कॅलिपर, पाठीचे पट्टे, वाकड्या पायांचे बूट अशी त्यांची कामं. एक दिवस जवळच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई एक परदेशी मासिक घेऊन आल्या. त्यात हेल्मेट घातलेल्या बाळाचा फोटो होता. "विश्राम, असं काही जमेल का हो?" त्यांनी विचारलं. काकांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "पाहिलं नाही कधी, पण जमवू." माझे दोन थोरले भाऊ भट्टीतच वितळून वेडेवाकडे झाले. मी तिसरा, आणि थोडा गर्विष्ठही. तेवढा हक्क मला आहे असं मला वाटतं.

ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता तो गणू सहा महिन्यांचा होता. डोंबिवलीच्या खाडीकडच्या गावात, एका आगरी घरात जन्मलेला. जन्मतःच त्याची मान एका बाजूला आखडलेली. त्याची आई जया घरीच ब्लाउज शिवायची. तिच्या मशीनशेजारी झोळी बांधलेली असे आणि हा पठ्ठ्या दिवसभर मान वळवून आईकडे बघत पडे. बघता बघता झोपे, उठला की पुन्हा तिकडेच. तेवढ्यानं डोकं मागून उजव्या बाजूला पाटासारखं चपटं झालं, एक कान पुढे आला. राईची उशी झाली, तेलाचे हात फिरवून झाले, मान सुटावी म्हणून व्यायामही चालू होते.

मेंदूला काही धोका नाही, हे डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं. "पण डोकं वाढतंय तोवरच त्याला आकार देता येईल. वर्ष उलटलं की आपल्या हातात फारसं राहणार नाही." गावातल्या बायका मात्र जयाच्या तोंडावर म्हणत, आईला पोर नीट निजवता आलं नाही. जया ऐकून घेई आणि मशीनचं चाक जोरात फिरवी. गणूचं डोकं गोल होणं म्हणजे तिच्यासाठी काय होतं, ते मला त्या चाकाच्या आवाजावरूनच कळे.

माझ्यात एक गंमत आहे, ती आधी सांगायला हवी. लोकांना वाटतं, मी डोकं दाबून गोल करतो. छे. मी काहीच दाबत नाही. जिथे डोकं पुरेसं आहे तिथे मी नुसता टेकून बसतो आणि जिथे कमी आहे तिथे जागा सोडतो. काकांनी गणूच्या डोक्याचा प्लॅस्टरचा साचा घेतला, चपट्या बाजूला आणखी प्लॅस्टर चढवून तो गोल केला आणि त्यावर मला बेतलं. म्हणून माझ्या आत एका बाजूला पोकळी राहिली. वाढणारं डोकं मोकळी जागा बघून तिकडे सरकतं. हे सगळं काकांनी जयाला समजावलं होतं. घरी आजीला समजवायला मात्र कुणाला सुचलं नाही.

आजी म्हणजे जयाची सासू, बायजा. तरुणपण मिठागरात मीठ ओढण्यात गेलेलं, आवाज खणखणीत. मला पाहताच ती म्हणाली, "यो काय टोप घातलास गं पोराचे डोक्यावर? जीव घुसमटंल त्याचा." तेव्हापासून माझं नाव टोप पडलं. शेजारणी मला बघायला येत. "काय गं जये, पोराला स्कूटर घेतलीस का?" म्हणून हसत. जया त्यांना चहा पाजी आणि मला काढत मात्र नसे.

उन्हाळा आला. खरं सांगतो, माझ्या अंगाला घामाचा असा वास मारे की माझं मलाच नकोसं होई. दिवसातून एकदा, आंघोळीपुरता, मला काढत. आंघोळ घालायचा मान आजीचा. तोवर जया मला साबणानं घासून पंख्याखाली वाळवी, पुसून पुन्हा आजीच्या हातात देई. एवढ्या उकाड्यात तिनं एकदाही टाळाटाळ केली नाही. पाठ दुखत असे, डोळे शिवणानं लाल झालेले असत, तरी बोटं माझ्या कानाकोपऱ्यातून फिरत. अशी माणसं मी फार थोडी पाहिली. तशी मी माणसंच थोडी पाहिली म्हणा, पण तरीही.

पहिल्या तपासणीला फरक दिसला. काका खूश झाले. पुढच्या वेळी टेप जिथल्या तिथे. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. काकांनी मला उलटंपालटं करून पाहिलं, "माझंच काहीतरी चुकतंय बहुधा," असं पुटपुटले. घरी गणूचा बाप काळुराम म्हणाला, "पोराला उगाच तरास. अजून एक डाव बघू, नायतर ठेवून दे माळ्यावर." जयानं गणूला कुशीत घेतलं. रात्रभर तिचा हात माझ्यावर होता.

कारण मला ठाऊक होतं. पण प्लॅस्टिकला तोंड कुठून असणार? पहिल्या तपासणीनंतर कधीतरी आजीच्या हाताला ती पोकळी लागली. तेव्हापासून रोज आंघोळीनंतर मला गणूच्या डोक्यावर चढवताना आजी जुन्या लुगड्याची एक मऊ घडी त्या पोकळीत सरकवी. दुसऱ्या दिवशी आंघोळीआधी घडी काढून धुण्यात टाकी आणि मला जयाच्या हवाली करी. तपासणीच्या दिवशी गणूला जया स्वतःच तयार करायची, म्हणून काकांच्या नजरेसही ती घडी पडली नाही. आजीनं काही लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

काळुरामनं म्हटलेल्या त्या 'अजून एका' तपासणीला आजीही हट्टानं निघाली. गणूला तिनंच तयार केलं. कारखान्यात काका पट्टा सोडायला वाकले, तेव्हा ती म्हणाली, "थांबा दादा, आदी माजी चिंधी काढतंय." आणि माझ्यातून लुगड्याची घडी काढून तिनं सहज कमरेला खोचली.

काकांचा हात तसाच राहिला. 

"आजी, हे कधीपासून घालताय?" काकांनी हळू विचारलं.

"झाला महिना-दीड महिना. यके बाजूला पोकल रायलाय ना. पोराचा डोका लटपटतंय. मना वाटला, तुमचा माप चुकला आसंल. भल्या मानसाला कशाला बोलाचा? म्हनून मीच भरला."

काका रागावले नाहीत. त्यांनी फळीवरून प्लॅस्टरचा साचा काढला आणि तिचा हात धरून त्या वाढवलेल्या भागावर ठेवला. "हे गणूचं डोकं आहे, आजी. अजून आलेलं नाही. त्याच्यासाठी ही जागा राखलीय."

बायजा बराच वेळ साच्यावरून हात फिरवत राहिली. "भरतीचा पानी यावा म्हनून मिठागरात वाफा मोकला ठेवतांव, तसा?"

"अगदी तसंच."

ती बाकावर बसली. "म्हंजे मीच त्याची वाट आडवली."

जयाला राग आला नसेल असं मी म्हणणार नाही. पट्टा सोडून तिनं मला गणूच्या डोक्यावरून उतरवलं, ते जरा जोरातच. पण ती सासूशेजारी जाऊन बसली. "आय, तो माझ्याकडं बघून बघून चपटा झाला. मीच झोळी तशी बांधलेली. आता कोनी कोनाला बोलायचं?" बायजानं लुगड्याचा पदर डोळ्यांना लावला. गणू मात्र माझा पट्टा चघळण्यात दंग होता.

त्यानंतर मला असा पहारेकरी मिळाला की विचारू नका. कुणी कौतुकानं माझ्यात बोट घातलं तरी आजी हातावर चापट मारी. तिनं झोळी फिरवून बांधली आणि आपलं तांदूळ निवडणं दुसऱ्या बाजूला नेलं. तिथून ती दिवसभर गणूला हाका मारी, ताटली वाजवी, आगरी गाणी म्हणे, म्हणजे त्यानं मान तिकडे वळवावी. आवाज बसला तरी थांबली नाही. वाया गेलेले दिवस तिला भरून काढायचे होते. मी त्या म्हातारीला मनोमन हात जोडले.

आणि डोकं आलं. आधी सुतासुतानं, मग भराभर. गणेशोत्सवानंतर एकदा काकांनी पोकळीत बोट घालून पाहिलं तर बोट शिरेना. मी पहिल्यांदाच गणूला चहूबाजूंनी घट्ट बसलो होतो, आणि त्याचाच अर्थ माझं काम संपलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी चेंडूसारखं नाही झालं, पण आता कुणाच्या लक्षातही येणार नाही. जया तिथेच हसली आणि तिथेच रडली.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली; गणू शाळेत जातो. तेल लावून भांग पाडला की डोकं छान दिसतं. मी खुंटीवर असतो. कधी तो मला डोक्यावर घालून बघतो, तेव्हा मी वाटीसारखा वरच्या वर डुगडुगतो आणि सगळं घर हसतं. काकांकडे एखादी घाबरलेली आई आली की ते निरोप धाडतात. मग बायजा मला पिशवीत घालून नौपाड्याला नेते, त्या आईच्या हातात देते आणि म्हणते, "बाय, यात पोकल हाय ती पोराची हाय. तिला हात लावू नको." माझंही तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. लेकरापाशी कुठे काही रिकामं दिसलं, तर मायेनं भरून टाकण्याआधी एकदा विचारा.

माझं काम संपलं आणि आम्ही नौपाड्याहून घरी आलो, त्या संध्याकाळची गोष्ट सांगून थांबतो. आजीनं मला स्वच्छ धुतलं, वाळवलं. मग ती लुगड्याची घडी आणली, माझ्या पोकळीत अलगद बसवली आणि मला म्हणाली, "आतां र्‍हा भरलेला." नव्या आईला पोकळी दाखवण्यापुरती आजी ती काढते, एरवी ती घडी अजून माझ्यात आहे.