नैवेद्याचा पेढा

नानासाहेबांना शुगर आहे, हे बिडकीनमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते कळायला नको होतं फक्त एका माणसाला, सेलूच्या तात्यासाहेबांना. आणि नेमकं त्यांच्याचबरोबर दोन दिवस सहलीला जायचं ठरलं.

त्याचं असं झालं, की नानासाहेबांच्या लेकीचं, सायलीचं, तात्यासाहेबांच्या धाकट्या मुलाशी, सुयशशी जमत आलं होतं. पसंती झाली होती, पोरांचं फोनवर बोलणंही रोजचं झालं होतं, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. पण तात्यासाहेबांचा एक खाक्या होता. सुपारीच्या आधी दोन्ही घरांनी मिळून कुठंतरी फिरून यायचं. बैठकीत सगळेच गोड बोलतात, बरोबर राहिल्यावर माणूस खरा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. थोरल्या मुलाच्या वेळी अशाच एका सहलीनंतर त्यांनी जमलेलं स्थळ मोडलं होतं, आणि का मोडलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळं नानासाहेबांनी आपली शुगर लपवायचं ठरवलं.

बापाला दिवसातून तीनदा सुया टोचाव्या लागतात म्हटल्यावर लोक बापाकडं बघत नाहीत, लेकीकडं बघतात, अशी त्यांची ठाम समजूत. सायली म्हणाली, सरळ सांगून टाका. तिला गप्प बसवण्यात आलं. सुपारी फुटेपर्यंत इन्सुलिन हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही, अशी सगळ्या घराला ताकीद मिळाली.

मग चोरट्या मालासारखी तयारी झाली. इन्सुलिनची पेनं गार पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून नानासाहेबांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, थर्मासात घातली. कुणी विचारलंच तर थर्मासात नानांचा काढा आहे, असं सांगायचं. सायलीनं बापाच्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवला. त्याचा आकडा तिच्या मोबाईलवर दिसायचा, म्हणजे बोट टोचून रक्त काढायची भानगड नको. वर पूर्ण बाहीचा सदरा. बाहेरून बघणाऱ्याला नानासाहेब म्हणजे ठणठणीत गडी.

पहिला दिवस दौलताबादच्या किल्ल्यात निभावला. चढताना तात्यासाहेबांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा, घसा धरला आणि त्यांनी मनकर्णाबाईंकडं घोटभर काढा मागितला. हा पित्ताचा आहे, खोकल्याला चालत नाही, असं सांगून मनकर्णाबाईंनी थर्मास पदराखाली ओढला. वच्छलाबाईंना ते लागलं. घोटभर काढ्याला नाही म्हणणारी विहीण कुणाला आवडेल? नानासाहेब हे बघत होते आणि काही करू शकत नव्हते.

मुक्काम वेरूळला होता. सकाळी लॉजच्या पोऱ्यानं उपमा तयार असल्याचं सांगितलं, तसे नानासाहेब बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि नेहमीसारखं पोटात इन्सुलिन घेऊन बाहेर आले. बाहेर तात्यासाहेब अंघोळ आटोपून उभे. म्हणाले, उपमा नंतर. आधी घृष्णेश्वराला अभिषेक, तोही दोन्ही बापांच्या हातून, आणि अभिषेक करायचा तर उपाशीपोटी.

इथं कुणीही शहाण्या माणसानं सांगितलं असतं, की बाबा, इन्सुलिन घेतलंय, आता मला लगेच खावं लागेल. नानासाहेब म्हणाले, "व्हय की, चला." एका अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, असा त्यांनी मनाशी हिशेब केला. सायलीनं त्यांच्याकडं डोळे मोठे करून पाहिलं, त्यांनी नजर चुकवली.

सुट्ट्यांमुळं देवळाला रांग होती. मोबाईल आणि पिशव्या गाडीतच ठेवाव्या लागल्या. शुगर एकदम उतरली तर लागेल म्हणून सायलीनं पर्समध्ये ठेवलेली साखरही त्यांच्याबरोबर गाडीत राहिली. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. तात्यासाहेब पाऊसपाण्याचं बोलत होते, नानासाहेब हूं हूं करत होते. थोड्या वेळानं त्यांना तात्यासाहेबांचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटायला लागलं. पाठीवरून घामाचा ओघळ गेला. बोटं थरथरायला लागली म्हणून त्यांनी हात खिशात घातले.

सभामंडपापाशी आले तेव्हा पुढची पुरुषमंडळी सदरे काढून हातावर घेत होती. या देवळात गाभाऱ्यात जायचं तर पुरुषानं उघड्या अंगानं जायचं. नानासाहेब लहानपणापासून इथं येत होते आणि प्रत्येक वेळी सदरा काढत होते. लपवाछपवीच्या नादात नेमकी हीच गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली होती. दंडावरचा सेन्सर त्यांना एकदम जड वाटायला लागला.

मी बाहेरूनच हात जोडतो, असं ते म्हणाले. तात्यासाहेब ऐकेनात. त्यांना वाटलं, नानासाहेबांना उकडतंय, आणि मोठ्या आपलेपणानं ते स्वतःच त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण काढायला लागले. नानासाहेबांनी त्यांचा हात झटकला. झटकताना त्यांचा तोल गेला आणि ते खांबाला धरून खाली बसले. सुयश धावला. वच्छलाबाई नैवेद्याचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्या जागच्या जागी थिजल्या.

सायलीनं मागंपुढं पाहिलं नाही. तिनं त्या ताटातला, देवाला अजून न दाखवलेला पेढा उचलला आणि बापाच्या तोंडाशी नेला. नानासाहेबांनी तोंड फिरवलं.

"देवाचा हाय तो," ते कसेबसे म्हणाले.

"खा नाना. इन्सुलिन घेऊन उपाशी ऱ्हायलात तुमी," सायली म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

त्यांनी पेढा खाल्ला. मग दुसरा खाल्ला. रांग बाजूनं पुढं जात राहिली. डोळ्यांपुढचं जरा स्थिर झालं तेव्हा त्यांना समोर उकिडवे बसलेले तात्यासाहेब दिसले.

"कधीपास्नं हाय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"झाली तीनेक वर्षं."

"मग लपवलं कामून?"

"पोरीचं मोडू नये म्हणून."

तात्यासाहेबांनी गुडघ्यांवर हात टेकले. मग उठत म्हणाले, "म्हंजे शुगरवाल्याची पोर आमी नाकारली असती. असं वळखलं तुमी आमाला."

रोगाची लाज नानासाहेबांना तीन वर्षं वाटत आली होती, पण ही लाज वेगळीच होती आणि कितीतरी जास्त बोचणारी. त्यांनी सदरा काढला. सेन्सर सगळ्यांना दिसला. आता उपास मोडलाच होता, म्हणून अभिषेकाला त्यांनी हात लावला नाही. तात्यासाहेबांनी एकट्यानं पाणी घातलं. नानासाहेब मागं उभे राहिले, आणि हे स्थळ आपल्याच हातानं गेलं, असं त्यांनी मनात धरून टाकलं.

सगळे गाडीत येऊन बसले. सायलीनं मोबाईल बघून आकडा आता ठीक असल्याचं सांगितलं, तेवढंच. दुपारी म्हैसमाळच्या रस्त्याला एका ढाब्यावर जेवायला थांबले. मोठ्या टेबलाभोवती दोन्ही घरं बसली, तात्यासाहेब समोर. ढाब्याचा पोऱ्या ताटं मांडून गेला. नानासाहेब सवयीनं बाथरूमकडं जायला उठले, आणि परत खाली बसले. लपवाछपवीचा कंटाळा आला होता त्यांना. मनकर्णाबाईंकडून त्यांनी थर्मास मागून घेतला, पेन काढलं, सदरा वर केला आणि सगळ्यांच्या देखत पोटात सुई टोचली. वच्छलाबाई थर्मासाकडं बघत राहिल्या. सुयश आणि सायली मान खाली घालून बसले होते.

वाढपी भाकरीची टोपली घेऊन आला आणि सवयीनं सगळ्यात आधी तात्यासाहेबांकडं वळला. त्यांनी आपल्या ताटावर हात आडवा धरला.

"आधी तिकडं वाढ," ते म्हणाले. "आमच्या व्याह्यांनी सुई घेतलीय. त्यान्ला थांबता येत नाय."