कँडिडेटच्या कपड्यांना खडू

कपड्यांच्या कारखान्यातल्या कटरमास्तरांनी कामगार समितीच्या निवडणुकीचा अर्ज मोठ्या तोऱ्यात भरला खरा, पण भाषणाचा दिवस उजाडला आणि त्यांचा धीर सुटला. कापणी खात्यात आणखी कोणाची बोटं जाऊ नयेत, एवढ्यासाठीच ते उभे होते. त्यांची स्वतःची दोन बोटं वीस वर्षांपूर्वी कापायच्या मशीनने नेली होती. तेव्हापासून डावा हात खिशात.

"तुमची कशी गेली, असं कोणी विचारलं तर?" ते लेकीला म्हणाले. "मी अर्ज मागे घेतो."

लेक शब्दकोशाच्या कचेरीत कामाला होती. जेवताना मीठ मागितलं, तर आधी 'मीठ' या शब्दाची कुळकथा सांगायची आणि मग मीठ द्यायची.

"बाबा, कँडिडेट हा शब्द लॅटिनमधला. कँडिडस म्हणजे लख्ख पांढरं. जुन्या रोममध्ये मतं मागणारे कपड्यांना खडू चोळून चौकात यायचे."

"म्हणजे सोंगं तेव्हापासूनचीच!" मास्तरांना हसू आलं.

"पण आत काही घालायचे नाहीत म्हणे. लढाईतल्या जखमा लोकांना दिसाव्यात म्हणून. आणि तुम्ही हात लपवता."

मास्तर खाली बघत म्हणाले, "ती लढाई होती गं. माझं काय? बोटं वाचवायला पात्यापुढे असते ती जाळी मीच काढली होती. जाळी नसली की काम झटपट उरकतं. अजूनही सगळे काढतात."

इतकी वर्षं लेकीने त्या मशीनच्या नावाने बोटं मोडली होती. "एवढी कसली घाई होती?"

"शाळेत तुझं भाषण होतं. चारला."

ते भाषण तिने दाराकडे बघत बघत केलं होतं. तिच्या मनाला लागू नये म्हणून या माणसाने वीस वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तिला रडू आवरेना. तिने त्यांचा हात खिशातून ओढून काढला आणि गालाशी घट्ट धरला.

"हेच सांगा," ती म्हणाली. "मतं गेली खड्ड्यात."

दुपारी मास्तरांनी हात वर करून सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. नऊ मतांनी पडले.

दुसऱ्या दिवशी ते जरा ओशाळूनच कामावर गेले. कापणी खात्यात सहा मशीन होती. सहाही मशीनवर, कोणी न सांगता, जाळ्या चढल्या होत्या.