मासळीचं माहेर

कशेळे गावाच्या वरच्या अंगाला, लाकडाचे ट्रक जायचे त्या जंगलवाटेखाली, ओहळावर नळाची मोरी होती. पाण्यानं हळूहळू खालची माती खाल्ली आणि नळाचं तोंड कमरेएवढं वर लोंबकळत राहिलं. आषाढात अंडी घालायला चढणारी मासळी तिथं उडी मारी, आपटे, पुन्हा उडी मारी. खालच्या वाडीचा गजा नुसती टोपली धरून बसे; वर एकही पोचत नसे.

वरच्या वाडीच्या पोपटनं मासळीच्या पोटातली अंडी, गाबोळी, शेवटची खाल्ली ती लग्नाच्या साली. त्या चवीपायी त्यानं सरकारी पायऱ्या झिजवल्या. अखेर यंदा नम्रता नावाची इंजिनियर आली. तिनं नळ उपटून रुंद मोरी बांधली, तळाशी ओहळाचेच गोटे अंथरले.

"मासळीला कळताच कामा नये, डोक्यावर रस्ता आहे ते," ती म्हणाली.

"वर येल ना पण?"

"येईल, काका."

पोपटच्या तोंडाला पाणी सुटलं.

ओहळ भरला तशी पोपटनं घमेलं घेऊन मोरी गाठली. बघतो तर त्याची बायको आनंदीबाई वाडीतल्या झाडून साऱ्या बायांना घेऊन उभी. हातात निरांजनाचं तबक.

"अगं, ह्ये काय?"

"अवो, पोटुशी लेक एवढ्या वर्सांनी माहेरी येतीय. वाटंवर कुनी नको?"

आणि बायांनी ओवी धरली:

*मोरी झाली बाई मोठी, वाट झाली माहेराची*
*लेक येते ओहळानं, भरल्या गं पोटाची*

आली! गोट्यांच्या आडोशाला दम खात, पाण्यात चांदी सांडत आली. त्यातलीच एक उसळली ती थेट पोपटच्या घमेल्यात.

ओवी थांबली. साऱ्यांचे डोळे पोपटवर.

"मी नाय बोलावली! तीच आली!"

"दमली असंल," म्हणत आनंदीबाईंनी मासळीला कुंकू लावलं. "आता सोडा तिला."

पोपटनं तिला ओंजळीत घेतलं; भरलेलं पोट जड लागलं. तो हळूच म्हणाला, "बाळंतपन झाल्यावर, परत जाताना तरी..."

"माहेरवाशिणीला शिदोरी देत्यात. तिचीच शिदोरी नाय करत."

पोपटनं ओंजळ पाण्यात उघडली. "जपून जा गं बाय. गोटे निसरडे हायत."

खालून गजा ओरडला, "पोपट्या, गावली का रं?"

"खबरदार नजर लावशील तर!" पोपट कडाडला. "बाप हाय मी तिचा!"

आणि गाबोळीसाठी आसुसलेल्या त्या उघड्या तोंडात आनंदीबाईंनी चिमूटभर साखर घातली.