ओल्या सुताचं वजन

कापूस पाणी पितो.

कुंभारी गावात घेतलेली दीड गुंठा जागा. पत्रा, पुढं ओटा.

कारखान्यात झाडणाऱ्या नीलम्माच्या वाती: देवळापुढं दहा रुपयाला बारा.

भोंगा नाही. कुणाला 'जी, शेठ' म्हणणं नाही. चहा घ्यायचा, परत झोपायचं.

फवारणीचा पंप, दोन लिटरचा.

वाती सोडल्या तर हे सगळं शहाजीच्या डोक्यात घोळत असतं. भवानी पेठेतल्या टॉवेल कारखान्यात तो मागांना सूत तोलून देतो. तोलण्याआधी सुतावर पाणी फवारतो. काट्यावर पन्नास किलो, खरं सत्तेचाळीस. वाचलेलं सूत बाहेर विकतो. टॉवेल कमी निघाले की बोलणी मागवाले खातात. काहीच न करता जगायचं, या बेतासाठी शहाजी तीन वर्षं एकही सुट्टी न घेता राबतोय.

मे महिना. सकाळी आठ. कारखान्याच्या अंगणात तोललेल्या सुताची चार पोती, त्यांवर खडूनं: ५०, ५०, ५०, ५०.

साडेआठ. लाइट गेली. माग थांबले. पोती तिथंच, उन्हात.

दहा. "सावलीत घेऊ का?" शहाजी म्हणाला. "रंग उडंल."

"पांढऱ्याचा कसला रंग उडतोय रे, शाजी?" पोत्यांजवळ झाडणारी नीलम्मा म्हणाली. मागवाले हसले. शहाजीही हसला.

बारा. लाइट नाही.

एक. शहाजी पोत्यांकडं बघत नाही.

तीन. अमृतशेठ, थोरल्या शेठचा मुलगा, पुण्याहून शिकून नुकताच आलेला. वेळ जाईना म्हणून त्यानं नवा काटा तपासायला तीच पोती त्यावर चढवली.

४८, ४७, ४७, ४८.

"दहा किलो कुठं गेलं? इथं दिवसभर कोण होतं?"

नीलम्मा होती. तिच्या पिशवीत दोन मुठी टाकाऊ सूत होतं. वातींसाठी ते न्यायची मुभा थोरल्या शेठनीच दिलेली. दोन मुठींचे दहा किलो कसे झाले, हे कुणी विचारलं नाही.

"अय्यो शेठ, ओलं सूत वाळलं की हलकं होतंय की," ती म्हणाली.

"ओलं कशानं होईल? पाऊस पडलाय?" अमृतशेठ शहाजीकडं वळला. "सकाळी तोललंत तेव्हा ओलं होतं?"

"सांग की रे, शाजी. तुझ्याच हातनं तोललास न्हवं?"

शहाजीनं पोत्यात हात घातला. सूत गरम होतं.

"कोरडंच होतं, अक्का."

 नीलम्मानं पिशवी उलटी करून सूत अंगणात टाकलं आणि रिकामी पिशवी घडी घालून काखेत मारली. काम सोडून निघताना पगाराचं काय, तेही विचारलं नाही.

पाचला लाइट आली. माग सुरू झाले.

रविवारी शहाजी कुंभारीला गेला. ओट्यावर आडवा झाला. पत्रा तापलेला. त्याला झोप आली नाही, उठावंसंही वाटलं नाही.

कोरडं सूत कसं ओळखायचं, गार लागलं की ओलं, हे शहाजीला एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली नीलम्मानं शिकवलं, सुताचं रीळ त्याच्या गालाला लावून.