आतला माणूस बाहेर येईपर्यंत

आमची मुलगी रडत नाही. दारात आलेल्या माणसाला नीट बसूही न देता माझ्या सासूबाई ही बातमी ऐकवतात. "गुणी आहे हो, गुणी! भूक लागली तरी हूं की चूं नाही." त्यामुळे तिला गुणी हेच नाव पडलं. खरं नाव दवाखान्याच्या कागदावर आहे, ते तिथली बाई हाक मारताना वापरते तेवढंच. येणारे लोक गुणीच्या गालाला बोट लावतात आणि माझ्याकडे वळून म्हणतात, "नशीब काढलंस हो. आमच्याने तर घर डोक्यावर घेतलं होतं."

मी हसते. नव्या आईला हसायचीच तेवढी मुभा असते. दुसरं काही केलं की लगेच कोणीतरी विचारतं, दूध पुरतंय ना?

बाळ होण्याआधी मी चष्म्याच्या दुकानात काम करायचे. गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, काच त्याप्रमाणे बसवायची. समोरच्याची नजर कुठे टेकलीय हे ओळखण्यावरच माझी भाकरी होती. म्हणून सांगते, गुणीची नजर माझ्यावर टेकत नाही. पाजताना ती माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघते. मी मान वाकडी करून मध्ये आले की ती नजर उचलते आणि पंख्यावर ठेवते.

आणि सुरुवातीला ती रडायची. चांगली भोकाड पसरून रडायची. तेव्हा घरात आम्ही दोघीच असायचो. नवरा कामावर, सासूबाई अजून यायच्या होत्या. मी पलंगाच्या कडेला बसलेली असायचे आणि तिचा आवाज मला कानात कापूस घातल्यासारखा लांबून यायचा. उठायला हवं हे कळायचं, पण मला उठवायचं नाही. ती रडून रडून दमायची आणि झोपायची. हळूहळू रडणं कमी झालं, मग थांबलंच. सासूबाई आल्या तेव्हा आयतीच गुणी नात मिळाली. सगळे म्हणाले, छान सवय लागली. सवय लागलीच होती. हाक मारली तरी कोणी येत नाही, याची.

हे मी कोणाला सांगायचं? सासूबाईंना सांगून बघितलं. "आई, मला तिला बघून काही वाटतच नाही." त्या भांडी विसळत होत्या. "अगं, पहिलटकरणीचं असंच असतं. बदाम खा." नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "थकलीयस. एक दिवस नीट झोप काढ, सगळं ठीक होईल." एक दिवस! जणू मी सुट्टीच्या रांगेत उभी होते. दुपारी असह्य झालं की त्याच्या मोबाइलवर फोन करायचे. तो उचलून "कामात आहे गं, नंतर करतो" म्हणायचा आणि ठेवायचा. ते नंतर कधी उगवलंच नाही.

मग तपासणीच्या दिवशी आम्ही सगळी वरात घेऊन दवाखान्यात गेलो. नर्सने गुणीचं वजन केलं, तिच्यासमोर खुळखुळा हलवला, आणि मग वजनकाट्यावरून मान वर करून मला विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. मी तोंड उघडेपर्यंत सासूबाई म्हणाल्या, "मजेत आहे! सगळं हातात देते मी तिच्या."

"रडू येतं का अधूनमधून?" नर्सने मलाच विचारलं.

"छे हो, रडायला काय झालं? काय कमी आहे घरात?" पुन्हा सासूबाई.

"थोडी थकलीय एवढंच," नवरा म्हणाला. हा मघापासून गुणीचे फोटो काढत होता.

"बाळ तुमच्या डोळ्यांत बघतं?"

"सगळ्यांकडे बघते! हुशार आहे." सासूबाईंना आता पास झाल्यासारखं वाटत होतं. "बघा, सूनबाई हसतेय की!"

हसत होते खरी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो, आणि वर हसावं लागतं. नर्सने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात परत या. आणि तेव्हा आत फक्त ह्याच येतील, एकट्या." सासूबाई घरापर्यंत धुमसत होत्या. एकटीच कशाला? आम्ही काय परके?

पुढचा आठवडा मला फार लांब वाटत होता. तो माझ्याच्याने निघेल असं वाटत नव्हतं. हेही कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई भाजी आणायला गेल्या. मी पाण्यासाठी फ्रिजजवळ गेले आणि दारावरचा तो स्टिकर दिसला. आमच्याकडे फ्रिजवर लिफ्टचा स्टिकर आहे, कारण माझा नवरा लिफ्टच्या कंपनीत आहे. आधी तो दुरुस्तीला जायचा. कंबर धरली तेव्हापासून मदतीच्या फोनवर बसतो. लिफ्टमध्ये कोणी अडकलं, घंटेचं बटण दाबलं, की फोन याला किंवा शेजारच्या टेबलावरच्या सोबत्याला जातो. स्टिकरवर लिहिलंय, ‘घाबरू नका. आम्ही ऐकत आहोत.’ खाली नंबर.

गुणीला दाखवायला मी एकदा त्याच्या ऑफिसात गेले होते. तेव्हा त्याच्या फोनवर कोणी म्हातारे गृहस्थ होते. माझा नवरा, जो घरात चार वाक्यं सलग बोलत नाही, तो त्यांच्याशी असं बोलत होता की मी बघतच राहिले. "काका, ऐकतोय. मी इथेच आहे. मिनिटभर काही करू नका, फक्त माझ्याशी बोला." त्यांच्या पेन्शनपासून गुडघ्यापर्यंत सगळं ऐकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी नंतर विचारलं, "माणूस पाठवलास ना? मग एवढा वेळ कशाला बोलत बसलास?" तर म्हणाला, "नियम आहे. आतला माणूस बाहेर येईपर्यंत फोन ठेवायचा नाही. आणि बाहेर जमलेली गर्दी काय सांगते ते ऐकायचं नाही, आतल्यालाच विचारायचं." मग चहा पिता पिता म्हणाला, "घंटा बडवतोय तोवर काळजी नसते गं. बडवायचं थांबला की जीव खाली-वर होतो."

तेव्हा गुणी माझ्या मांडीवर होती. पंख्याकडे बघत होती. त्याने तिचा गाल ओढला आणि म्हणाला, "आमची बघ, किती शांत."

स्टिकरसमोर उभी राहून मला हे सगळं आठवलं आणि संताप संताप झाला. परक्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याला वेळ आहे! मी गुणीला कडेवर घेतलं आणि तो नंबर लावला.

"नमस्कार, ऐकतोय. मी इथेच आहे." त्याचाच आवाज होता. सोबत्याने उचलला असता तर मी ठेवून दिला असता, आणि पुढे काय झालं असतं ते मला माहीत नाही. "कोण बोलतंय?"

"मी."

"अगं, ही लाइन... मोबाइलवर कर ना, इथे..."

"मोबाइल तू ठेवतोस. हा ठेवता येत नाही तुला. नियम आहे."

"काय झालंय?"

"तुझे प्रश्न विचार. जे सगळ्यांना विचारतोस ते."

"असं काय करतेस..."

"विचार!" मी ओरडले. गुणी दचकली.

मग त्याने सोबत्याला काहीतरी सांगितलं, खुर्ची सरकली, आणि हळू आवाजात, त्या काकांशी बोलत होता तसाच, म्हणाला, "आत किती जण आहात?"

"दोघी. मी आणि गुणी."

"कोणाला... लागलंय का?"

"तिला मी काही केलेलं नाही. पण मला वाटतं, मी नसले तर तिचं बरं होईल. रोज वाटतं. आज सकाळपासून जास्त वाटतंय."

तो "थकलीयस" म्हणाला नाही. बदामही आले नाहीत. आवाज आला तो ओळखू येत नव्हता. "ऐकतोय. मी इथेच आहे. बोलत राहा."

मी बोलले. पलंगाची कड, कानातला कापूस, पंखा, सगळं. "ती गुणी नाहीये रे. तिने घंटा वाजवायची सोडून दिलीय. तुला तर कळायला हवं होतं! तुझा धंदा आहे हा!" मधूनच त्याच्या बाजूने रस्त्याचा आवाज यायला लागला. लाइन मोबाइलवर वळवून तो निघाला होता. एकदाही ठेवला नाही. नुसता "हं, पुढे" म्हणत होता आणि धापा टाकत होता.

किल्ली फिरली. सासूबाईही मागोमाग पिशवी घेऊन आल्या. "तू कसा या वेळेला? आणि कोणाशी बोलतोयस?"

तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. फोन कानालाच. माझाही. डोळे लाल झालेले.

"आता ठेव," मी म्हणाले.

"आलीस बाहेर?"

"नाही."

"मग नाही ठेवणार." आणि सासूबाईंना म्हणाला, "आई, दवाखान्यात फोन कर. आजच येतोय म्हणावं. आणि आत ही बोलेल. तू नाही, मी पण नाही." सासूबाईंनी तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि पिशवी तशीच टाकून फोनकडे गेल्या.

त्यानंतर सगळं गोड झालं, असं काही नाही. गोळ्या चालू आहेत. दर आठवड्याला एका डॉक्टरीणबाईंकडे बसते, त्या मला आणि गुणीला समोरासमोर ठेवून आमच्याकडून काहीबाही खेळ करून घेतात. सुरुवातीला मला ते खुळचट वाटायचं, गुणीलाही वाटत असावं. नवरा दुपारी फोन करतो आणि "आज कशी आहेस?" विचारून खरंच उत्तराची वाट बघतो. मी कधी चिडून ठेवून देते. मला नियम नाही.

परवा मी न्हाणीघरात होते आणि बाहेर कोणीतरी किंचाळलं. मला आधी कळलंच नाही की कोण. ओल्या हातांनी धावत आले तर गुणी, लालबुंद, मुठी आवळून, छताला तडे जातील अशी ओरडत होती. सासूबाई घाबरून तिच्या तोंडात चोखणी कोंबत होत्या. "काय झालं गं बाई हिला? किती शहाणी होती!"

"आई, ते काढा तोंडातून!" मी ओरडले. "तिचं तोंड बंद करू नका. हाक मारतेय ती."

मी तिला उचललं. ती माझ्या खांद्यावर, कानाशी, जीव तोडून रडत होती, आणि मीही रडत होते.

"ऐकतेय गं," मी म्हणाले. "मी इथेच आहे."