पाहुणा नाही ना?

मास्तरणीच्या घरात कॅन्सर हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. वन्संनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने, त्याचं पहिल्याच आठवड्यात बारसं करून टाकलं होतं: पाहुणा. "पाहुणा म्हटलं की आज ना उद्या तो जातोच," असं वन्संचं शास्त्र. त्यांचं शास्त्र सहसा खोटं ठरायचं, पण या बाबतीत खरं ठरलं. गाठ गेली, केस गेले आणि पुन्हा आले, शिरेतून ते लाल औषध घेताना ओकून ओकून जीव नकोसा झाला होता तोही पुन्हा हवासा झाला. पाहुणा गेला. त्यालाही आता कितीतरी वर्षं लोटली.

मास्तरीण शाळेतली नव्हे; शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड कापायची, म्हणून कटिंग मास्तरीण. एकावर एक कापडाचे थर रचायचे, वर खडूने खूण करायची आणि मोठी कात्री चालवायची. गळ्याचा गोल एका दमात कापावा लागतो. मध्ये हात थांबला की काठाला दात पडतात. अलीकडे तिचे गोल दातरे निघू लागले होते. शिवणाऱ्या बायका हसत म्हणायच्या, "मास्तरीणबाई, उंदराला कामावर ठेवलंय की काय?" तीही हसायची. पण हसल्यावर धाप लागायची, आणि संध्याकाळी चपलेचे पट्टे सुजलेल्या पावलांत रुतायचे.

चष्म्याचा नंबर काढायचाय असं घरी सांगून ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टर तरुण होती, वयाने हिच्या लेकीसारखी. तपासणीच्या पडद्यावर बराच वेळ बघून ती म्हणाली, "ताई, हृदय ढिलं पडलंय. रक्त पुरेशा जोराने ढकलत नाही. तेव्हा जे लाल औषध घेतलंत ना, त्याने होतं असं काही जणांना. वर्षांनी दिसतं."

"पण त्यानेच तर मी वाचले."

"हो. त्यानेच वाचलात."

आता तक्रार कुणाकडे करायची? आपलेच दात, आपलेच ओठ.

"जाईल ना पण हे?" मास्तरणीने विचारलं.

"जाणार नाही, सांभाळायचं. गोळ्या कायमच्या. वजन उचलायचं नाही, आणि जिने शक्यतो टाळा."

म्हणजे हा पाहुणा नव्हे, घरजावई, असं मास्तरणीच्या मनात आलं आणि त्या खुर्चीतसुद्धा तिला हसू फुटलं. मग 'जिने' हा शब्द तिच्या डोक्यात शिरला आणि हसू जागच्या जागी विरलं.

कारण तिचा नवरा. तो रंगारी होता, दुसऱ्यांच्या भिंती रंगवून पोट भरायचा, आणि सध्या जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या भिंती रंगवत होता. त्यांच्याच इमारतीतलं चौथ्या मजल्यावरचं घर त्याने ठरवलं होतं. लिफ्ट नव्हती. पण खिडक्या अशा की सकाळी डोळे दिपावेत. आता राहत होते ती तळमजल्यावरची खोली अंधारी, भिंतींना ओल. तिथेच मास्तरीण पाहुण्याबरोबर पडून होती. "त्या खोलीत मला झोप येत नाही," तो म्हणायचा. "तू कण्हतेयस असंच वाटतं. तुला एकदा उजेडात नेऊन बसवलं की मी सुटलो." अशा माणसाला नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

तरी ती म्हणाली. त्याच संध्याकाळी, तो मोरीत ब्रश धूत बसला असताना.

"अहो, मी आज डॉक्टरकडे गेले होते."

त्याचा हात थांबला. "पाहुणा?"

"नाही, नाही. पण माझं हृदय..."

"पाहुणा नाही ना? नक्की?"

"नक्की. ऐका तर..."

पण त्याचा जीव भांड्यात पडला होता, आणि जीव भांड्यात पडलेल्या माणसाला पुढचं ऐकू येत नाही. ओल्या हातांनीच त्याने बहिणीला फोन लावला. "ताई, पाहुणा नाही!" पलीकडून वन्संचा आवाज खोलीभर घुमला, "मग झालं तर! दम काय, मलाही लागतो. वय झालं म्हणावं आता."

घरात मोजायला तेवढं एकच माप उरलं होतं. जे पाहुण्याएवढं नाही, ते काहीच नाही. त्यानंतर तिने दोनदा विषय काढला आणि दोन्ही वेळा "पाहुणा तर नाही ना?" या प्रश्नावर तो संपला. पालथ्या घड्यावर पाणी.

सामान हलवायचा दिवस उजाडला. संध्याकाळी खोलीची चावी मालकाला परत द्यायची होती. ती एकदा दिली की परतीची वाट बंद. मास्तरीण हे चांगलं जाणून होती. एकदा वर गेली की रोज उतरणं-चढणं तिच्याच्याने होणार नव्हतं. कात्री सुटेल, बायकांची थट्टा सुटेल, रस्ता खिडकीतूनच बघायचा. त्या उजेडाची तिला भीती वाटत होती.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली. छातीत कुणी आतून दार बडवत होतं. वरून नवरा आला, केसांत रंगाचे शिंतोडे, चेहरा हसरा.

"अगं चल, ऊन सरकेल!"

"मला चढवत नाही हो."

"थांबत थांबत ये."

"आजचं नाही म्हणत. रोज नाही जमायचं. डॉक्टरने जिने नको म्हणून सांगितलंय."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि लाडाने म्हणाला, "पाहुण्याला हाकलून देणारी बाई तू! चार जिन्यांचं काय घेऊन बसलीस? पाहुणा तर नाही ना?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. किती प्रेमाने विचारत होता. तिला त्याचा भयंकर राग आला.

"आलाय," ती म्हणाली.

"कोण?"

"पाहुणा."

तो मटकन खाली बसला. मग सगळं भराभर झालं. "घर गेलं खड्ड्यात. चावी नाही द्यायची. सामान खाली आणतो." ज्यासाठी ती इतके दिवस झुरली, ते एका शब्दात मिळालं. त्याचे ओठ थरथरताना बघून तिने त्याचा हात धरला.

"अहो, खोटं बोलले मी. पाहुणा नाही. खरंच नाही. हृदयाचंच आहे, पण तेही..."

त्याने तिच्या तोंडावर हात ठेवला. "मला धीर द्यायला असं बोलू नकोस. मागेही असंच करायचीस. दुखत नाही, दुखत नाही म्हणायचीस आणि उशीत तोंड खुपसून रडायचीस. मला काय कळत नव्हतं?"

ते खरंच होतं.

त्याने तिला धरून एकेक पायरी खाली आणलं आणि त्याच अंधाऱ्या खोलीत, त्याच कोपऱ्यात गादी घालून आडवं केलं. आडवं होताच तिला गुदमरल्यासारखं झालं. ती उठू लागली, तर त्याने खांदे धरून हलकेच पुन्हा निजवलं. "पडून राहा. मला सगळं आठवतंय, काय काय करायचं ते." फोनवर वन्संना सांगताना तो हुंदके देत होता. मग डोळे पुसून भला मोठा तांब्या भरून आणला. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, भरपूर पाणी पाजा, औषध धुऊन निघतं. आताच्या तरुण डॉक्टरने पाणीसुद्धा बेताने प्यायला सांगितलं होतं.

"पी," तो म्हणाला. "सगळं पी."

त्याच्या डोळ्यांत बघत ती प्यायली.